‘करण्यात आले’ : कुठे हवे, कुठे नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बातमीतले आणि सरकारी पत्रकातले ‘करण्यात आले’ अनेकांना खटकते. त्यावर दोन मते हमखास ऐकू येतात. हा पॅसिव्ह (पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे करणाऱ्याला बाजूला सारणारी वाक्यरचना) इंग्रजीने आपल्या गळ्यात मारला, त्याला मराठीतून हद्दपार करा, हे एक. पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोगच की, तो तर थेट संस्कृतातून आला, त्यात वावगे काय, हे दुसरे. दोन्ही मते चूक आहेत, आणि ही चूक शाळेच्या फळ्यापासून बातमीच्या मथळ्यापर्यंत पसरली आहे. उपाय अवघड नाही. पण त्याआधी पॅसिव्ह नेमकी कोणकोणती कामे करतो, ती सुटी करून पाहायला हवीत. त्यासाठी मराठीच्या शेजारी काही परक्या भाषा आणि काही मुद्दाम रचलेल्या भाषा मांडून पाहणे फार उपयोगी पडते. रचलेल्या भाषेत प्रत्येक प्रत्यय कोणीतरी विचार करून बसवलेला असतो, त्यामुळे कोणता भाग कशासाठी आहे ते तिथे उघड दिसते.

आधी कर्मणी प्रयोगाचा घोळ मिटवू. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य कर्मणी आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. पण ते पॅसिव्ह नाही. पॅसिव्हमध्ये कर्ता बाजूला सरकतो, तो सांगितला नाही तरी वाक्य पुरे वाटते, आणि ही अदलाबदल कोणत्याही काळात करता येते: चोर पकडला जातो, पकडला गेला, पकडला जाईल. ‘रामाने’ मात्र जागचा हललेला नाही. ‘रामाने घरी जाऊन आपला डबा खाल्ला’ यात घरी कोण गेला? राम. डबा कोणाचा? रामाचाच. ‘जाऊन’ आणि ‘आपला’ हे दोन्ही शब्द वाक्याच्या धन्याला धरून चालतात, आणि तो धनी अजूनही राम आहे. शिवाय ही रचना भूतकाळात आणि ‘रामाने आंबा खावा’ अशा विध्यर्थात येते. साध्या वर्तमानकाळात ‘राम आंबा खातो’ एवढेच. ‘मी’ आणि ‘तू’ तर ‘ने’ लावूनच घेत नाहीत. बोलणे, विसरणे, शिकणे, पिणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात कर्तरीच राहतात: ती धडा शिकली, तो निरोप विसरला. म्हणजे इथे बोलणाऱ्याला निवड नसते; क्रियापद आणि काळ ठरला की प्रयोग ठरला. पॅसिव्ह ही निवड असते. भाषाशास्त्रात ‘रामाने खाल्ला’ या रचनेला अर्गेटिव्ह म्हणतात, आणि ती हिंदीत, बास्कमध्ये, जॉर्जियनमध्येही आपापल्या परीने आहे.

या रचनेचे मूळ पॅसिव्हमध्ये आहे हे खरे. ‘रामेण आम्रः खादितः’ या संस्कृत वाक्यात आंबा धनी होता. पुढे शतकांच्या ओघात करणारा पुन्हा धनी झाला. विभक्ती आणि क्रियापदाची जुळणी तेवढी जुनीच राहिली. कर्तरी, कर्मणी, भावे या नावांची मुळेही पाणिनीच्या ‘लः कर्मणि च भावे चाकर्मकेभ्यः’ (३.४.६९) या सूत्रापर्यंत जातात. नाव जुने आणि वस्तू बदललेली, म्हणून हा गोंधळ.

मराठीचा खरा जुना पॅसिव्ह होता तो ‘-इज-’ प्रत्ययाचा: कीजे, बोलिजे, म्हणिजे. पसायदानातला ‘भजिजो आदिपुरुखीं’ हा त्याचाच नमुना. आदिपुरुषाचे अखंड भजन केले जावो, असा त्याचा अर्थ. ज्ञानेश्वरी १२९० ची आहे, तेव्हा पॅसिव्ह इंग्रजीने दिला हे म्हणणे तिथेच संपते. तो प्रत्यय मावळला, पण ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ हे त्याचे अवशेष आपण दिवसभर वापरतो. त्याची जागा पुढे दोन रचनांनी घेतली: ‘केला जातो’ आणि ‘करण्यात येतो’. या दोघांकडे मी शेवटी येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे.

पॅसिव्हची कामे तीन. करणाऱ्याचा उल्लेख टाळणे, हे पहिले. ज्याच्यावर क्रिया घडली त्याला वाक्याच्या तोंडाशी आणणे, हे दुसरे. आणि घडलेल्या गोष्टीला नुकसान, लाभ, असमर्थता अशी एखादी छटा देणे, हे तिसरे. इंग्रजीत पहिली दोन कामे एकच रचना करते, म्हणून ती वेगळी आहेत हे इंग्रजीच्या चष्म्यातून दिसत नाही. आणि ती सगळीकडे एकाच यंत्राने होतात असेही नाही. भाषाशास्त्रज्ञ ॲना सिविएर्स्का यांनी जगभरातल्या ३७३ भाषा तपासल्या, त्यांत पॅसिव्ह रचना असलेल्या १६२ निघाल्या आणि नसलेल्या २११. निम्म्याहून अधिक भाषांचे त्यावाचून अडत नाही, याचा अर्थ ही कामे त्या दुसऱ्या साधनांनी करतात.

दुसऱ्या कामाचे पाहा. इंग्रजीत शब्दांचा क्रम बांधलेला आहे. कर्ता आधी, कर्म क्रियापदानंतर. घराबद्दल बोलायचे असेल आणि घर वाक्यात पहिले हवे असेल, तर इंग्रजीला पॅसिव्ह वापरावाच लागतो. मराठीला ती गरज नाही. ‘हे घर माझ्या आजोबांनी बांधले’ म्हटले की घर पुढे आले, आजोबाही राहिले, क्रियापदाला हातसुद्धा लावावा लागला नाही. एस्पेरांतो या रचलेल्या भाषेत अगदी हेच होते. लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात ती प्रसिद्ध केली तेव्हा कर्माला ‘न’ हा प्रत्यय दिला. त्यामुळे ‘ला दोमोन कोन्स्त्रुइस मिआ आवो’, शब्दशः ‘घराला बांधले माझ्या आजोबांनी’, असे म्हणता येते आणि कोणी कोणाला बांधले याबद्दल शंका उरत नाही. विभक्ती शाबूत असेल तर हे काम पॅसिव्हला सांगायचे कारण नाही. मराठीत ‘आजोबांकडून हे घर बांधण्यात आले’ असे वाक्य दिसले की ते मूळचे इंग्रजी आहे असे खुशाल समजावे.

एस्पेरांतोत पॅसिव्हही आहे, आणि त्याची गोष्ट बोधक आहे. तिथे पॅसिव्ह विशेषणे तीन: ‘-आता’ चालू क्रियेचे, ‘-इता’ पूर्ण झालेल्या क्रियेचे, ‘-ओता’ व्हायच्या क्रियेचे. ती ‘असणे’च्या तीन काळांशी जोडली की नऊ रूपे तयार होतात. कागदावर हे अत्यंत नेटके आहे. वापरात मात्र एका प्रश्नावर बोलणाऱ्यांत दीर्घकाळ फूट पडली: घर अमुक साली बांधले गेले, हे ‘एस्तिस कोन्स्त्रुआता’ की ‘एस्तिस कोन्स्त्रुइता’? एका पक्षाच्या मते ‘-आता’ आणि ‘-इता’ वेळ दाखवतात, दुसऱ्याच्या मते क्रिया चालू की पुरी ते दाखवतात. भाषेच्या अकादमीने १९६७ साली दुसऱ्या पक्षाच्या बाजूने निकाल दिला. ‘एस्तिस कोन्स्त्रुआता’ म्हणजे बांधकाम चालू होते, ‘एस्तिस कोन्स्त्रुइता’ म्हणजे बांधून झाले. मराठीत हा फरक ‘बांधले जात होते’ आणि ‘बांधले गेले’ यांत आपोआप पडतो, कारण तो ‘जाणे’च्या रूपात बसवलेला आहे.

एस्पेरांतोतली दुसरी अडचण आपल्याला अधिक जवळची आहे. करणारा दाखवायला तिथे ‘दे’ हे अव्यय आहे, आणि तेच मालकी दाखवते, तेच ‘पासून’ हा अर्थ देते. योहानोने लिहिलेले पत्र, योहानोचे पत्र आणि योहानोकडून आलेले पत्र, तिन्हींना ‘दे योहानो’. शत्रूने शहर घेतले आणि शहर शत्रूपासून घेतले, हे दोन अर्थ त्यामुळे एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून कोणी ‘फारे दे’ असा लांबचा रस्ता घेतात, कोणी ‘फार’ असे नवे अव्यय वापरतात. १९०७ साली एस्पेरांतोतून सुधारून काढलेल्या इदो भाषेने ही फट बुजवली: मालकीला ‘दी’, ‘पासून’ला ‘दे’, करणाऱ्याला ‘दा’. पॅसिव्हसाठी तिने ‘-एस-’ हा प्रत्ययही दिला, म्हणजे ‘विदास’ पाहतो आणि ‘विदेसास’ पाहिला जातो. त्याही आधी, १८७९-८० मध्ये योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने रचलेल्या व्होलाप्युकमध्ये पॅसिव्ह सरळ उपसर्गात होता: ‘ल्योफोब’ मी प्रेम करतो, ‘पाल्योफोब’ माझ्यावर प्रेम केले जाते, ‘पेल्योफोब’ केले गेले आहे. करणाऱ्यासाठी ‘फा’ हे स्वतंत्र अव्यय. उच्चाराला आणि लक्षात ठेवायला व्होलाप्युक जड असेल, पण इथे तिच्यात संदिग्धता नाही.

हे आपल्या जवळचे का, तर मराठी ‘कडून’ची अवस्था एस्पेरांतोतल्या ‘दे’पेक्षा वेगळी नाही. भावाकडून पैसे घेतले, यात भाऊ उगम आहे. मुलाकडून पाढे म्हणवून घेतले, यात मुलगा करणारा आहे पण करवून घेणारा दुसराच. माझ्याकडून कप फुटला, यात हेतू नाही. माझ्याकडून होणार नाही, यात असमर्थता. एवढे अर्थ आधीच अंगावर असलेल्या या शब्दावर ‘मंत्र्यांकडून उद्घाटन करण्यात आले’ हे पाचवे ओझे टाकले की वाचक क्षणभर अडखळतो. ‘द्वारे’ त्याहून वाईट. पत्राद्वारे कळवले, कालव्याद्वारे पाणी आणले, असे ते साधन आणि मार्ग दाखवते. ‘कालिदासाद्वारे लिहिलेले नाटक’ म्हटले की कालिदास लेखणी होतो. हा प्रकार हिंदीतल्या ‘द्वारा’वरून आणि यंत्रभाषांतरातून शिरला. मराठीला ‘कालिदासाने लिहिलेले नाटक’ हे तयार आहे. ‘-लेले’ रूपाला कर्ता ‘ने’ लावून जवळ बसतो, पॅसिव्हचा प्रश्नच येत नाही.

आता पहिले काम, करणाऱ्याचा उल्लेख टाळणे. यासाठी क्लिंगॉन भाषेतली तजवीज मला सर्वांत स्वच्छ वाटते. स्टार ट्रेकच्या चित्रपटांसाठी मार्क ओक्रँड यांनी ती घडवली; तिचा कोश १९८५ चा. तिथे क्रियापदाला ‘-लुʼ’ हा प्रत्यय लावला की अर्थ होतो ‘कोणीतरी, अनिश्चित कर्ता’. ‘विलेघ’ म्हणजे मी त्याला पाहतो. त्यातला ‘वि’ हा उपसर्ग एरवी ‘मी करणारा, तो कर्म’ असे सांगतो. ‘विलेघ्लुʼ’ म्हटले की उपसर्ग उलटा वाचायचा: कोणीतरी मला पाहतो, म्हणजेच मी पाहिला जातो. आणि महत्त्वाचे म्हणजे, या रूपाबरोबर करणारा सांगताच येत नाही. ‘-लुʼ’ लावला की कर्त्याची जागा बंद. सांगायचा असेल तर साधे वाक्य वापरा. ‘करण्यात आले’साठी मराठीने हाच नियम पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोकी पोना या अगदी छोट्या रचलेल्या भाषेत पॅसिव्ह नाहीच. तिथे ‘कोणी माणूस’ असा कर्ता घालून भागवतात. लोज्बान मात्र वेगळ्या वाटेने जाते. १९८७ पासून घडत गेलेल्या या तर्कशास्त्राधारित भाषेत प्रत्येक क्रियापदाला क्रमांकाच्या जागा असतात. ‘क्लामा’ला पाच: जाणारा, पोचण्याचे ठिकाण, निघण्याचे ठिकाण, वाट, वाहन. ‘से’, ‘ते’, ‘वे’, ‘खे’ हे शब्द अनुक्रमे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जागेची पहिलीशी अदलाबदल करतात. ‘मी ताव्ला दो’ म्हणजे मी तुझ्याशी बोलतो. ‘दो से ताव्ला मी’ म्हणजे तोच व्यवहार तुझ्या बाजूने. हा पॅसिव्ह म्हणून शिकवला जातो, पण त्यात कोणाचे महत्त्व कमी होत नाही आणि कोणी लपत नाही. फक्त जागा बदलतात. दुसरे काम पहिल्यापासून पूर्ण वेगळे काढता येते, याचा हा उत्तम पुरावा.

नैसर्गिक भाषांत पहिल्या कामासाठी मोठी विविधता आहे. जर्मनमध्ये ‘एस विर्ड गेटान्ट्स्ट’, म्हणजे ‘नाचले जाते आहे’, असे अकर्मक क्रियापदाचेही पॅसिव्ह होते. कोण नाचते ते सांगायचेच नसते. लॅटिनमधले ‘पुग्नातुम एस्त’, लढाई झाली, हे त्याच जातीचे आणि आपल्या भावे प्रयोगाचे सख्खे भावंड. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत तर पॅसिव्ह इतका रुळलेला आहे की सकर्मक क्रियापदाची आज्ञाच पॅसिव्ह रूपात देतात: ‘इनुमिआ ते वाई’, पाणी पी. पॅसिव्ह म्हणजे बोटचेपेपणा, असे जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४६ च्या सल्ल्याचा हवाला देऊन आपल्याकडे सांगितले जाते. तो सल्ला इंग्रजी गद्याला होता. माओरीत हुकूमच पॅसिव्हमध्ये सुटतो, त्यात बोटचेपे काही नाही.

मराठीने करणाऱ्याला वगळण्यासाठी जी खास सोय केली आहे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ती स्वयंपाकघरात आहे. कांदा बारीक चिरावा, मिरची उभी चिरावी, खोबरे किसून घ्यावे, मसाला तेल सुटेपर्यंत परतावा. क्रियापद कांद्याशी, मिरचीशी, खोबऱ्याशी जुळते. चिरणारा कोण हे सांगायची गरज नाही आणि लपवल्याचा भासही नाही. ‘कांदा चिरण्यात यावा’ असे कोणत्याही पाककृतीत नसते. प्रयोगशाळेच्या वहीतही हेच चालते: मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवले, गाळले, थंड केले. क्रियापद कर्माला धरून असल्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य लंगडत नाही. विज्ञानाच्या मराठी पाठ्यमजकुरात ‘मिश्रण तापविण्यात आले व त्यानंतर ते गाळण्यात आले’ असे लिहिणारा इंग्रजी वाक्याची घडी मोडायला विसरलेला असतो.

तिसरे काम, छटा देण्याचे, मराठी फार श्रीमंतीने करते. जपानीत ‘आमे नी फुरारेता’ असे वाक्य आहे. फुरू म्हणजे पाऊस पडणे, अकर्मक. त्याचे पॅसिव्ह करून माणसाला कर्ता केला की अर्थ होतो ‘पावसाने माझी पंचाईत केली’. व्हिएतनामीत नुकसान असेल तर ‘बी’ आणि लाभ असेल तर ‘दुओक’: दंड झाला तिथे पहिला, कौतुक झाले तिथे दुसरा. मराठीने हे प्रत्ययावर न सोडता क्रियापदांत वाटून दिले आहे. मार खाल्ला, बोलणी खाल्ली, फटका बसला, भुर्दंड पडला, ही नुकसानीची बाजू. लाभासाठी ‘मिळणे’. गल्लीतल्या दुकानावर ‘साड्यांना फॉल-पिको करून मिळेल’, ‘झेरॉक्स काढून मिळेल’, ‘चाकूला धार लावून मिळेल’ असे लिहिलेले असते. करणारा दुकानदार वाक्यात नाही, वस्तू तोंडाशी आहे, आणि फायदा गिऱ्हाइकाचा आहे हेही सांगून झाले. जर्मन बोलणारे ‘बेकोमेन’, मिळणे, हे क्रियापद घालून जे करतात तेच इथे ‘करून मिळेल’ने होते. या पाट्या लिहिणाऱ्यांना व्याकरण कोणी शिकवले नव्हते, पण त्यांची मराठी पुष्कळ पत्रकांपेक्षा सरस आहे. पुरे झाल्याची छटा ‘-ऊन होणे’ने येते: वाचून झाले, धुणे धुऊन झाले. असमर्थतेची ‘-व-’ने: आजीला जिना चढवत नाही, हे बघवत नाही. हिंदीतला ‘चला नहीं जाता’ जशाच्या तसा आणून ‘माझ्याकडून चालले जात नाही’ असे जे भाषांतरात दिसते, त्याची मराठीला काही गरज नाही. आणि फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, जाळणे-जळणे, फाडणे-फाटणे, सोडणे-सुटणे या जोड्या आहेतच. काच फुटली, असे म्हटले की फोडणारा असो वा नसो, वाक्य खरे राहते. एस्पेरांतोत हेच ‘-इज-’ या प्रत्ययाने करतात: ‘फेर्मी’ बंद करणे, ‘फेर्मिजी’ बंद होणे.

एवढे सगळे हाताशी असताना ‘केला जातो’ आणि ‘करण्यात येतो’ यांना उरलेले काम थोडे आहे, पण ते त्यांचेच आहे. या दोघांत फरक आहे, आणि तो पाळला जात नाही.

‘-ला जाणे’ सवय, रीत, सर्वसाधारण गोष्ट सांगते: पाडव्याला कडुनिंबाची पाने खाल्ली जातात. नकळत झालेल्या गोष्टीलाही ते चालते: चुकून बोलले गेले, घाईत एक ओळ खोडली गेली. ‘-ण्यात येणे’ याच्या नेमके उलट आहे. त्यामागे जाणता, ठरवून काम करणारा माणूस किंवा यंत्रणा लागते. रस्ता बंद करण्यात आला, म्हणजे कोणीतरी विचारपूर्वक केला. म्हणून ‘पुरात घरे वाहून नेण्यात आली’ हे चूक आहे. पूर काही ठरवून नेत नाही, घरे वाहून गेली. ‘अपघातात तिघांना ठार करण्यात आले’ असे चुकून छापले गेले तर तो अपघात राहत नाही, खून होतो. चकमकीच्या बातमीत तर हा फरक जबाबदारीचा आहे: ‘दोघे मारले गेले’ यात कसे ते मोकळे राहते, ‘दोघांना मारण्यात आले’ यात हेतू आला. बातमीदाराला जेवढे माहीत आहे तेवढेच क्रियापदाने सांगावे. अकर्मकाला हे रूप लागत नाही, ‘झोपण्यात आले’ कोणी म्हणत नाही. आणि ‘असा माणूस माझ्या पाहण्यात आला नाही’ यातले ‘पाहण्यात येणे’ ही वेगळी, जुनी, चांगली रचना आहे; तिथे अर्थ ‘आढळणे’ असा आहे, पॅसिव्ह नाही.

जुळणीच्या चुकाही इथेच होतात. क्रियापद प्रत्यय नसलेल्या नामाशी जुळते: रस्ता करण्यात आला, शाळा बांधण्यात आली. नामाला ‘ला’ किंवा ‘ना’ लागले की नपुंसकलिंगी एकवचन: शिक्षकांना निलंबित करण्यात आले. पण ‘तिघांना अटक करण्यात आले’ हे रोज छापून येते आणि ते चूक आहे, कारण तिथे ‘अटक’ हे प्रत्यय नसलेले स्त्रीलिंगी नाम आहे. अटक करण्यात आली. ‘शिक्षा ठोठावण्यात आले’चेही तेच.

एक नमुना घेऊ. ‘महानगरपालिकेद्वारे शहरातील नागरिकांकरिता पाणीकपातीचा निर्णय घेण्यात आलेला असून सदर निर्णयाची अंमलबजावणी सोमवारपासून करण्यात येणार आहे.’ पंधरा शब्द. यात करणारा सांगितलेला आहे, म्हणजे पॅसिव्हचे पहिले कारण गेले. नागरिकांना महत्त्वाची गोष्ट पाणीकपात आणि सोमवार; त्या पुढे आणायला शब्दक्रम पुरतो, म्हणजे दुसरेही गेले. छटा कोणतीच नाही. तेव्हा: ‘महापालिका सोमवारपासून शहरात पाणीकपात करणार आहे.’ सहा शब्द. दिवसावर जोर हवा तर ‘सोमवारपासून शहरात पाणीकपात’ हा मथळा. ‘उद्घाटन करण्यात आले’, ‘निवड करण्यात आली’, ‘भूमिपूजन करण्यात आले’ यांना तर ‘झाले’, ‘झाली’ हे एका शब्दाचे उत्तर आहे.

हा प्रयोग कुठे ठेवावा? ‘आरोपीला न्यायालयात हजर करण्यात आले’ यात ठेवावा; हजर पोलीसच करतात, ते सांगून वाचकाच्या ज्ञानात भर पडत नाही. ‘जखमींना रुग्णालयात दाखल करण्यात आले’, ‘अर्जाची मुदत वाढवण्यात आली आहे’ हेही योग्य. पण ‘टेकडीवरची झाडे तोडण्यात आली’, ‘जमावावर लाठीमार करण्यात आला’, ‘असे सांगण्यात आले’ या वाक्यांपाशी उपसंपादकाने थांबावे. कोणी तोडली, कोणाच्या आदेशावरून लाठीमार झाला, कोणी सांगितले, हीच तिथली बातमी आहे. माहीत असेल तर ‘ने’ लावून लिहावे. माहीत नसेल तर ‘झाडे कोणी तोडली ते समजू शकले नाही’ असे लिहावे. ती वाचकाला दिलेली खरी माहिती आहे. ‘तोडण्यात आली’ लिहिले की माहीत आहे की नाही हेच कळत नाही.

आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच. बातमीच्या मेजावर ‘करण्यात’ हा शब्द संगणकात शोधून प्रत्येक ठिकाणी पाहावे: त्याच वाक्यात ‘कडून’, ‘द्वारे’ किंवा ‘तर्फे’ लावून करणारा आलेला आहे का? आला असेल तर ‘ने’ लावून वाक्य सरळ करावे. ‘तर्फे’ मात्र ‘मंडळातर्फे रक्तदान शिबिर’ अशा ठिकाणी चांगले आहे, तिथे क्रियापदाचीच गरज नसते, तेव्हा ते काढू नये. आणि इंग्रजी व्याकरणाच्या ज्या मार्गदर्शिका आपण परीक्षेच्या दिवसांत पुरवणीत छापता, त्यांतले ‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’ बदलून ‘आंबा रामाने खाल्ला’, ‘आंबा खाल्ला जातो’ अशी दोन वेगळी वाक्ये द्यावीत. पहिल्याच्या खाली ‘क्रम बदलला, कर्ता कायम’ असे आणि दुसऱ्याच्या खाली ‘कर्ता वगळला’ असे लिहिले तर मुलांना व्हॉइसही कळेल आणि कर्मणी प्रयोगही. सरावासाठी दिलेल्या वाक्यांत ‘पावसाकडून पूल पाडण्यात आला’सारखे काही शिरत नाही ना, तेवढे मुद्रितशोधकाने पाहावे.

कळावे,
आपला,
भाषांतर आणि मुद्रितशोधन करणारा एक वाचक